‘जादा भार’चे शुद्धिपत्र

जगात माणसं फार झाली आहेत, हे मत जवळपास प्रत्येकाचंच असतं. फक्त मोजायला लागल्यावर कुणी स्वतःपासून सुरुवात करत नाही, एवढंच. निरीक्षकांचं मात्र ते नुसतं मत नव्हतं, तो त्यांचा पेशा होता. लिफ्ट तपासणी खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. शहरातल्या निम्म्या लिफ्टांमध्ये ‘क्षमता : सहा माणसे’ ही पितळी पाटी त्यांच्या सहीनं लागलेली. लिफ्टमध्ये पाऊल टाकणाऱ्याचं वजन ते नुसत्या नजरेनं सांगत. बायकांचंही सांगत. त्यामुळे लोकांनी त्यांना घरगुती समारंभांना बोलवणं हळूहळू कमी केलं होतं.

इमारतीत पाठीमागे त्यांना ‘सहामाणसे’ म्हणत. नव्या भाडेकरूंना ते आडनावच वाटे, आणि ते आदरानं ‘या सहामाणसे’ म्हणत. निरीक्षक ऐकून न ऐकल्यासारखं करत. मान राखायचा तर कान थोडे जड ठेवावे लागतात.

निवृत्तीनंतरचा पहिला महिना त्यांनी घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालण्यात घालवला. दुसऱ्या महिन्यात ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बायकोला कामाची सुधारित पद्धत सांगू लागले. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, “अहो, काहीतरी लिहीत का नाही?” तिच्या मनात किराणा सामानाची यादी होती. निरीक्षकांनी कादंबरी लिहायला घेतली.

कादंबरी थरारक होती. नाव ‘जादा भार’. तिच्यात एक जनुकशास्त्रज्ञ होता, एक डोळा निळा आणि एक तपकिरी असलेला. कारण शास्त्रज्ञाचे दोन्ही डोळे सारखे असले तर थरार कुठून येणार? त्यानं एक जंतू घडवून बाटलीत बंद केलेला. बाटली उघडली की जंतू वाऱ्यावर पसरणार, आणि पुढे जन्मणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मुलाला मूलबाळ होणार नाही. रक्त नाही, किंकाळी नाही, कुणाला साधी सर्दीही नाही. दोन पिढ्यांत पृथ्वी ऐसपैस. आता हे पाप म्हणायचं की उपकार? हा प्रश्न दर तीन पानांनी एखादं पात्र दुसऱ्या पात्राची कॉलर धरून विचारत असे. शेवटी बाटली नायकाच्या हाती येते आणि जगाचं काय करायचं ते त्याला ठरवायचं असतं. नायक चाळिशीतला, पिळदार, लिफ्ट तपासणी खात्यात नोकरीला, आणि विधुर.

“मला कितव्या प्रकरणात मारलंत?” बायकोनं भाजी निवडता निवडता विचारलं.

“पहिल्याच.”

“आजारानं की अपघातानं?”

“तुझं नाव कुठे आहे तिच्यात?”

“नसू दे. फार दिवस अंथरुणावर ठेवू नका, म्हणजे झालं.”

कादंबरीचं सगळं तत्त्वज्ञान लिफ्टमधून आलेलं होतं. जादा माणूस शिरला की घंटा वाजते आणि दार मिटत नाही. अशा वेळी कुणी भाषण करत नाही, मत घेत नाही. जो शेवटी शिरला तो मुकाट्यानं बाहेर पडतो. जगात कुठेही जा, हा नियम कुणाला शिकवावा लागत नाही. निरीक्षकांचं म्हणणं, पृथ्वीची घंटा वाजते आहे; तेव्हा शेवटी आला तो बाहेर. आणि जे अजून आलेच नाहीत त्यांनी शिरूच नये, यात कुणाचं काय गेलं?

ही कादंबरी टाइप करायला बसली सूनबाई. दिवसभर कचेरी करून आली की संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी ती बसे आणि निरीक्षक मागे हात बांधून सांगत फेऱ्या मारत. पोरगी गुणी. लग्नाला सात वर्षं झाली, पण कधी वर तोंड करून बोलली नाही. फक्त मधूनच एखादा प्रश्न विचारी, आणि तो नेमका अवघड जागी लागे.

“बाबा, निम्मी मुलं म्हणजे कोणती निम्मी?”

“शास्त्र भेदभाव करत नाही. एक आड एक.”

“म्हणजे आधीच्या घरात पाळणा हलला असेल, तर आपल्याकडचं मूल त्या रांगेत सापडणार?”

“तू कथानकात शिरू नकोस. टाइप कर.”

दर रविवारी सकाळी गच्चीवर नव्या प्रकरणाचं वाचन होई. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, जे सोसायटीचे सेक्रेटरीही होते, त्यांना कल्पना एकदम पटली. लोक फार झालेत, म्हणाले, समोरच्या इमारतीत बघा, एकेका घरात आठ आठ. सुरुवात तिथूनच करावी. कुणी म्हणालं, समोरच्या नको, ते निदान शांत आहेत, मागच्या गल्लीतले घ्या. तासाभरात परिसरातली सगळी वस्ती वजा झाली आणि गच्चीवर बसलेले तेवढे शिल्लक उरले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “मी आईबापांची पाचवी. तुमच्या हिशेबानं मी जन्माला यायलाच नको होते. मग या डॉक्टरांच्या दोन्ही मुलांना गणितात पास कुणी केलं असतं?”

निरीक्षकांनी नम्रपणे सांगितलं की अपवादांचं परिशिष्ट जोडता येईल. त्या आठवड्यात त्यांच्याकडे येऊन आपलं नाव परिशिष्टात घालून गेली नाहीत अशी इमारतीत दोनच माणसं राहिली: मुख्याध्यापिकाबाई आणि सूनबाई.

पुढचा अडथळा आला तो खात्याकडून. माजी अधिकाऱ्याला पुस्तक छापायचं तर ना हरकत दाखला लागतो. निरीक्षकांनीच एकेकाळी दुसऱ्या एका अधिकाऱ्याचा कवितासंग्रह याच नियमाखाली दोन वर्षं अडवून ठेवला होता, त्यामुळे तक्रारीला तोंड नव्हतं. खात्यानं कादंबरी वाचली, म्हणजे तिसरं प्रकरण वाचलं. तिथे पाठलागाच्या प्रसंगात एका लिफ्टमध्ये चौदा माणसं कोंबलेली होती. खात्याची हरकत अशी की मान्य क्षमता सहाची असता चौदा माणसं विनाअपघात चौथ्या मजल्यावर पोचलेली दाखवल्यानं जनतेत चुकीचा समज पसरेल.

निरीक्षक जातीनं जाऊन आले. त्यांच्या जुन्या खुर्चीवर त्यांनीच घडवलेला कनिष्ठ बसला होता. त्यानं चहा पाजला, साहेब साहेब केलं, आणि नियम एक इंचही हलवला नाही. त्याचा अभिमान वाटावा की राग यावा, हे निरीक्षकांना कळेना. घरी येऊन त्यांनी चौदाची सहा माणसं केली. उरलेली आठ पात्रं कथेत जागोजाग मोकळी फिरू लागली, तेव्हा त्यांना घाईघाईनं मारावं लागलं. एक तर बिचारा चहा पिता पिता गेला. माणसं कमी करणं कागदावरही किती जिकिरीचं असतं, याची निरीक्षकांना पहिली चुणूक मिळाली ती अशी.

आणि मग शेवटच्या प्रकरणाला सूनबाईचा हात थांबला. नायक बाटली घेऊन टेकडीवर उभा आहे, वारा सुटला आहे, खाली शहराचे दिवे. निरीक्षकांनी आवाज खाली आणून वाक्य सांगितलं: “आणि त्याने बाटली उघडली.”

सूनबाई बोटं मांडीवर ठेवून बसून राहिली. म्हणाली, “बाबा, एवढं वाक्य दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मला बरं वाटत नाहीये.” आणि उठून आत गेली. बायकोही तिच्यामागे गेली. मुलगा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला, तेही उलट्या धरलेल्या. निरीक्षकांनी अर्थ लावला, की प्रसंग फारच परिणामकारक उतरला आहे.

छापखानेवाल्यानं ते वाक्य जुळवून घेतलं, आणि पाचशे प्रतींखाली उतरायला तो तयार होईना. “दोनशे प्रती म्हणजे लग्नपत्रिका झाली, साहेब. कादंबरी म्हणजे पाचशे.” लेखकाचं नाव काय घालायचं हे त्यानं फोन करून सेक्रेटरींना विचारलं. डॉक्टरांच्या हातात तेव्हा कुणाची तरी दाढ होती. घाईत जे तोंडात बसलेलं होतं तेच त्यांच्याकडून गेलं. पुस्तकं आली तेव्हा मुखपृष्ठावर निळ्या-तपकिरी डोळ्यांखाली ठसठशीत अक्षरं होती: ‘जादा भार – सहामाणसे.’

हे दुःख गिळायलाही सवड मिळाली नाही, कारण टेम्पोवाला वीस गठ्ठे दारात टाकून गेला होता. लिफ्टमध्ये ठळक सूचना होती: ‘लिफ्टमधून सामान नेण्यास सक्त मनाई आहे.’ ती सूचना निरीक्षकांनी लिहिलेली, त्यांनीच मंजूर करून घेतलेली आणि एकदा एका म्हाताऱ्याच्या हातातल्या कलिंगडावरही लागू केलेली. सगळी इमारत जिन्यापाशी येऊन मोठ्या उत्सुकतेनं बघत राहिली. निरीक्षकांनी पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना कादंबरी पंधरा-वीस पानांनी आखूड करता आली असती असं वाटू लागलं.

गठ्ठे घरातल्या लहान खोलीत रचले. खोली गच्च भरली. बायको दारात येऊन बघून गेली, बोलली काहीच नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिचं न बोलणं निरीक्षकांना कधी जड गेलं नव्हतं. या वेळी गेलं. पण कारण काही सापडेना. एक बारीकशी नोंद मात्र त्यांच्या नजरेनं सवयीनं केली होती: सूनबाईचं वजन चार किलोंनी वाढलं होतं. त्यांनी तिला मायेनं सल्लाही दिला, की लिफ्ट सोड आणि जिना चढत जा. तिनं मान डोलावली. मुलानं पुन्हा वर्तमानपत्र उचललं.

उलगडा झाला तो डॉक्टरांच्या खुर्चीत. दाढ ठणकत होती म्हणून निरीक्षक गेले होते. डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली, आणि अशा वेळी दातांचे डॉक्टर जे हमखास करतात ते केलं: गप्पा सुरू केल्या.

“तुमचं पुस्तक बाहेर ठेवलंय बरं का, पेशंट वाचतात. दुखणं विसरतात म्हणे. आता मात्र तुम्ही लिहिणं आवरा, आजोबा होणार तुम्ही. पाचवा महिना ना? की सहावा? आमची ही म्हणत होती, तुमच्या घरी सगळे अगदी चिडीचूप आहेत. साहजिकच आहे म्हणा. त्या पोरीनं इतकी वर्षं वाट बघायची, आणि सासरा घरात बसून लिहितोय की शेवटी आला तो बाहेर. कोणत्या तोंडानं सांगणार ती? आ करा. आणखी मोठा.”

निरीक्षकांनी आ केला. तेवढंच करणं शक्य होतं. आजोबा होण्याची बातमी माणसाला कशी कळावी याबद्दल त्यांच्या काही ठाम कल्पना नव्हत्या. पण तोंडात आरसा आणि नळीत लाळ असताना कळू नये, एवढं त्यांना नक्की वाटलं. इमारतीला माहीत होतं. बहुधा समोरच्या इमारतीलाही, त्या आठ आठ जणांना. नजरेनं माणसाचं वजन सांगणाऱ्या निरीक्षकांनी घरातल्या नव्या माणसाचं वजन चार किलो असं अचूक टिपलं होतं, आणि त्याला जिना चढायला सांगितलं होतं.

घरी येऊन ते लहान खोलीच्या दारात उभे राहिले. गठ्ठ्यांमागे भिंतीला टेकवून ठेवलेला पाळणा आता त्यांना दिसला. मुलाचाच जुना, नव्यानं रंग दिलेला. रंग वाळायला ठेवला तेव्हा सगळ्या घराला वास आला असणार; त्यांनी तो छपाईच्या शाईचा समजला होता.

सूनबाई पाणी घेऊन आली. निरीक्षकांचा अर्धा गाल अजून बधिर होता, त्यामुळे रागावायचं ठरवलं असतं तरी नीट जमलं नसतं.

“मलाच सांगितलं नाहीत,” ते म्हणाले.

तिनं पेला त्यांच्या हातात दिला. “सांगायला म्हणूनच त्या दिवशी बसले होते, बाबा. वाटलं, शेवटचं पान झालं की सांगू. शेवटच्या पानावर तुम्ही बाटली उघडलीत.”

“ते कथानक होतं गं.”

“हो. पण ते मी टाइप करत होते ना.”

निरीक्षकांनी पेला तोंडाला लावला. बधिर गालावरून पाणी ओघळून सदऱ्यावर सांडलं, ते पुसायला त्यांनी बराच वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी छापखाना उघडायच्या आधी ते पायरीवर हजर. शेवट बदलायचा आहे, म्हणाले. छापखानेवाला म्हणाला, साहेब, छापलेला शेवट म्हणजे वाजलेली तुतारी, आता आवाज परत आत कसा घालणार? फार तर शुद्धिपत्र देतो. पुस्तकात चुका राहिल्या की एक चिठ्ठी चिकटवतात ना, तशी. निरीक्षकांनी तिथेच उभ्या उभ्या मजकूर केला: ‘शेवटचे पान, शेवटची ओळ. “त्याने बाटली उघडली” याऐवजी “त्याने बाटली उघडली नाही” असे वाचावे. झालेल्या गैरसोयीबद्दल लेखक दिलगीर आहे.’

छापखानेवाल्यानं दोनदा वाचलं. “एवढ्यानं जग वाचतंय का साहेब?”

“माझं वाचतं का ते बघतोय,” निरीक्षक म्हणाले.

मग घरात डिंकाचं राज्य सुरू झालं. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी सगळं कुटुंब बसून मानवजातीला वाचवू लागलं. मुलगा चिठ्ठ्या कापी, बायको डिंक लावी, सूनबाई चिकटवी, आणि निरीक्षक दाबून बघत. सूनबाई प्रत्येक चिठ्ठीवर हात फिरवून म्हणे, “ही झाली.” बायको मध्येच म्हणाली की शुद्धिपत्र काढलंच आहे तर पहिल्या प्रकरणातही एक लावा, मी अजून जिवंत आहे म्हणून. निरीक्षकांनी तो प्रस्ताव विचाराधीन ठेवला.

वाचवलेले गठ्ठे खोलीतून हलवायचे होते. ते गेले शेजाऱ्यांकडे. काही वाचायला, बहुतेक दार अडवायला. कुणाचं डुगडुगणारं टेबल स्थिर झालं. पण डॉक्टरांनी पेशंटांसाठी आधीच नेलेल्या प्रती बिनचिठ्ठीच्या होत्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंची प्रत चिठ्ठीची. दोघांची जिन्यात जुंपली. डॉक्टर म्हणत, बाटली उघडली, माझ्या डोळ्यांनी वाचलं. बाई म्हणत, उघडली नाही, तुम्हाला वाचता कधी येत होतं? अर्धी इमारत एका जगात आणि अर्धी दुसऱ्या जगात राहू लागली. लिफ्ट तेवढी दोघांची एकच होती.

दिवस भरले. बाळ आलं; मुलगी, सगळं सुखरूप. आणि मग घरी आणायचा दिवस उगवला.

निरीक्षक सकाळपासून लिफ्टपाशी उभे. बटणं पुसलेली, दाराच्या खाचेत तेल, पाटी लखलखीत. गाडी आली तेव्हा ते आधी आत जाऊन मागच्या कोपऱ्यात उभे राहिले, तपासणीच्या वेळी निरीक्षक उभा राहतो तिथे. मग बायको आली, सूनबाईची आई आली, मुलगा आला. बाळाला छातीशी धरून सूनबाई आली. डॉक्टरांना वाटलं, बाळंतिणीनं उभं राहणं बरं नव्हे. त्यांनी आपल्या दवाखान्याच्या दारातून चादर घातलेलं काहीतरी बसायला ओढून आणलं, तिच्यामागे सरकवलं, तिला बसवलं आणि स्वतःही आत शिरले.

घंटा वाजली. दार मिटेना.

कुणी कुणाकडे बघितलं नाही, आणि त्यामुळेच सगळ्यांना सगळं ऐकू आलं. घंटा वाजत होती. निरीक्षकांची कादंबरी त्या लिफ्टमधल्या प्रत्येकानं वाचलेली होती, सूनबाईच्या आईनं तर प्रवासात. डॉक्टरांनी पाय उचलला, पण त्यांच्याही आधी सूनबाईच उठायला लागली. बाळाला सावरून ती म्हणाली, “आम्ही मागून येतो. आम्हीच शेवटी आलो.”

“बस,” निरीक्षक म्हणाले, आणि कोपऱ्यातून निघाले. कोपऱ्यातून निघायचं म्हणजे पुढच्या सगळ्यांना हलवूनच. एकेकाला बाजूला सारत, डॉक्टरांच्या पायावर पाय देत ते दाराशी आले.

“अहो, तुम्ही कुठे?” बायको म्हणाली. “सगळ्यांच्या आधी तर तुम्ही शिरला होतात.”

“लिफ्टमध्ये,” निरीक्षक म्हणाले. “बातमीत मी सगळ्यांच्या शेवटी होतो. नियम तो नियम.”

ते बाहेर पडले. घंटा थांबली, दार मिटलं, लिफ्ट वर गेली. निरीक्षक जिना चढू लागले. गुडघे कुरकुरत होते, पण ते गुडघ्यांचं झालं. बाकी त्यांना इतकं हलकं फार दिवसांत वाटलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पेपर तपासल्यावर हुशार मुलाकडे बघावं तसं बघितलं.

चौथ्या मजल्यावर पोचले तर सगळे लिफ्टच्या दारात थबकलेले. सूनबाई उभी राहिली होती आणि चादर घसरली होती. खाली दोन गठ्ठे होते, सुतळीसकट. निळा डोळा, तपकिरी डोळा, ‘सहामाणसे’.

“मी मोजलं, बाबा,” सूनबाई म्हणाली. “तुम्हाला धरून आम्ही मोठे सहाच होतो. आणि ही तर पिसासारखी आहे. मग घंटा कशी वाजली म्हणून उठून बघितलं.” ती हसू दाबत होती, पण ते दबत नव्हतं. “जादा होतं ते हे.”

डॉक्टर खाली बघत म्हणाले की दवाखान्यात जागा होत नव्हती, पेशंट आताशा वाचत नाहीत, तेव्हा बसायला बरे पडतात.

निरीक्षकांनी वरच्या गठ्ठ्यातून एक प्रत ओढून काढली आणि शेवटचं पान उघडलं. चिठ्ठी नव्हती. टेकडी, वारा, खाली शहराचे दिवे, आणि बाटली सताड उघडी. पन्नास प्रती होत्या.

बायकोनं बाळाला त्यांच्या हातात दिलं. निरीक्षकांनी सवयीनं हात जरा खालीवर करून अंदाज घेतला. सगळे आकड्याची वाट बघत राहिले.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले, आणि लिफ्टमधल्या सूचनेकडे, मग गठ्ठ्यांकडे बघून मुलाला म्हणाले, “ते आधी बाहेर काढ. आणि डिंक शोध. एवढी पन्नास राहिलीत.”